हन्नाला शमुवेल झाला, त्यानंतर काय? पवित्र शास्त्रातल्या आयांविषयी थोडे बोलू या

दिवेलागण

सर्वांना सलाम.

मातृदिनाच्या रविवारी आपल्या बहुतेक मंडळ्यांत दोनच पाठ ठरलेले असतात. एक नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री आणि दुसरा हन्ना. त्यातही हन्नाची गोष्ट तिला मूल झाले की संपते. मूल नाही म्हणून सवत पनिन्ना टोचून बोलायची, ही शिलोच्या मंदिरात जाऊन रडली, मुलगा झाला तर तो देवाला वाहीन असा नवस केला, तिथल्या याजकाला, एलीला, वाटले प्यायली आहे, मग देवाने ऐकले आणि शमुवेल झाला. मला पुढच्या भागाबद्दल लिहायचे आहे, कारण आईबापांचे काम तिथून पुढे सुरू होते. संडे स्कूलमध्ये शिकवताना आया मला जे विचारतात, त्यातल्या बऱ्याचशा प्रश्नांचा धागा तिथे सापडतो.

मूल झाल्यावर हन्ना वार्षिक यज्ञाला जात नाही. दूध तोडल्याशिवाय येणार नाही असे नवऱ्याला स्पष्ट सांगते. देवाला वाहिलेला मुलगा, आणि तरीही देवळाची वारी ती बिनदिक्कत चुकवते. पाळण्यातले मूल घरी आहे म्हणून उपासना चुकली की ज्या तरुण आया स्वतःला दोष देत बसतात, त्यांनी १ शमुवेल १:२२ काढून वाचावे.

मग ती जाते. सोबत गोऱ्हा, एफाभर (एक माप) पीठ, द्राक्षारसाचा बुधला आणि ते लहानसे पोर. आणि पोर तिथे ठेवून परत येते.

ते घर कसले होते? एली म्हातारा, पुढे त्याची नजरही मंद होत गेली. त्याचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, याजक होते. लोकांनी अर्पणाचे मांस शिजत लावले की याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आणि काट्याला लागेल ते याजकाचे. कधी चरबी जाळण्याच्या आधीच कच्चे मांस मागायचा, आणि नाही दिले तर हिसकावून नेऊ म्हणायचा. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांशी ते मुलगे कसे वागत, हे सगळ्या इस्राएलाच्या कानावर गेले होते. त्या दोघांच्या डोळ्यांसमोर शमुवेल लहानाचा मोठा झाला.

दुसरा अध्याय सावकाश वाचा. एकदा एलीच्या मुलांचे पाप येते, लगेच तागाचे एफोद, म्हणजे याजकाचे वस्त्र, घातलेला शमुवेल दिसतो. पुन्हा पाप, पुन्हा शमुवेल वाढतो आहे. आणि या सगळ्याच्या मध्ये एक ओळ आहे: त्याची आई दर वर्षी लहानसा झगा करून नवऱ्याबरोबर यज्ञाला येताना त्याच्यासाठी आणत असे.

वर्षभर न पाहिलेल्या मुलाचे माप कसे घेणार? खांद्यापासून किती लांब, बाही कुठवर, केवढा झाला असेल, हे सगळे घरी बसून मनातच. वाढत्या अंगाचाच शिवत असणार. पुढे तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या, म्हणजे हाताखाली पाच लेकरे असतानाही हा झगा होत राहिला असेल. शमुवेलावर तिचा हक्क उरला नव्हता. त्याने काय शिकावे, कोणाजवळ झोपावे, हे काहीच ती ठरवत नव्हती. झगा मात्र तिने सोडला नाही.

मोशेची आई योखेबेद, तिचेही तसेच. इब्र्यांचे मुलगे मारायचा मिसरच्या राजाचा, फारोचा, हुकूम होता, म्हणून बाळाला तीन महिने लपवले, मग लव्हाळ्याच्या पेटाऱ्याला डांबर आणि राळ लावून नदीकाठी ठेवले. फारोच्या मुलीने तेच मूल वेतन देऊन तिच्याच हाती दिले, पण दूध पाजण्यापुरतेच. पुढे राजवाडा, तिथली विद्या, तिथली दैवते. तरी मोशे मोठा झाल्यावर बाहेर पडला तो "आपल्या भाऊबंदांकडे", असेच निर्गमात लिहिले आहे. हे आपले भाऊबंद, हे त्याला कुणी सांगितले असेल? माझ्या मते त्या दूध पाजण्याच्या वर्षांत मांडीवर जे पडले तेच.

म्हणून माझे म्हणणे असे. ख्रिस्ती आईबापांच्या हातात मुले थोडीच वर्षे असतात. त्या वर्षांत विश्वास रोजच्या हाताने घालायचा, आणि नंतर मूल आपल्या ताब्यात नाही हे मान्य करून झगा शिवत राहायचे. आपण बहुतेक जण याच्या उलट करतो. लहानपणी संडे स्कूलवर सोपवून मोकळे होतो आणि मूल अठरा वर्षांचे झाले की लगाम खेचायला लागतो.

तुम्हाला कोणती आई शिकवून गेली? तिच्या चुकाही लिहा. शास्त्र त्या झाकत नाही.


वसईकरीण

फार छान धागा, ताई. मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्या बायबलमधली एक आई आणते, जी तुमच्या आवृत्तीत बहुधा नसेल. मक्काबी दुसरा ग्रंथ, अध्याय ७. राजा अंतियोखस एका बाईच्या सात मुलांना नियमशास्त्र मोडायला लावू पाहतो. ते ऐकत नाहीत आणि एकेकाला तिच्यासमोर मारले जाते. ती मुलांना म्हणते, तुम्ही माझ्या उदरात कसे आलात ते मला ठाऊक नाही, तुम्हाला श्वास आणि जीव मी दिला नाही. धाकट्याला सांगते, तुला नऊ महिने पोटात वागवले, तीन वर्षे दूध पाजले.

यातून शमुवेल शिलोला गेला तेव्हा केवढा असेल याचाही अंदाज येतो. तीनेक वर्षांचे पोर. माझा धाकटा तेवढाच आहे, अजून बुटाचे बंद लावता येत नाहीत.


कोल्हापुरी_मसीही

लेख आवडला, पण बाप कुठे आहे? सगळे ओझे आईवर टाकायची आपल्या मंडळ्यांना सवयच लागली आहे. मुलगा बिघडला की "आईने प्रार्थना केली नाही".

हन्नाच्या नवऱ्याकडे, एलकानाकडे बघा. गणना ३० प्रमाणे बायकोने केलेला नवस नवऱ्याला ऐकताक्षणी रद्द करता येत होता. त्याने तो रद्द केला नाही. हन्नाच्या पहिल्या मुलावर पाणी सोडायचे होते, तरी "तुला बरे वाटेल तसे कर, परमेश्वर आपले वचन पुरे करो" एवढेच म्हणाला. आणि झगा घेऊन जाताना तोही दर वर्षी बरोबर असायचा. उलट एलीचा दोष काय सांगितला आहे? मुले काय करतात हे ठाऊक असून त्याने त्यांना आवरले नाही. तो बाप होता आणि शिवाय याजकही होता. मंडळीत पुढच्या बाकावर बसणाऱ्या आम्हा बापांनी १ शमुवेल ३:१३ पाठ करावे.


दिवेलागण

@कोल्हापुरी_मसीही, गणना ३० चे लक्षातच आले नव्हते. यंदाच्या पाठात घेते. धन्यवाद दादा.


निरंजन_वाट

मला इसहाकाची बायको, एसाव आणि याकोब या जुळ्यांची आई रिबका आठवते. तिच्याबद्दल उपदेशात फार मवाळ बोलले जाते, कारण शेवटी याकोबालाच आशीर्वाद मिळायचा होता. पण उत्पत्ति २५:२८ मध्ये सरळ लिहिले आहे की इसहाकाची प्रीती एसावावर, कारण तो शिकार आणून खाऊ घालायचा, आणि रिबकेची याकोबावर. एका घरात दोन आघाड्या. आंधळ्या नवऱ्याला फसवायला तिने धाकट्याच्या हातामानेला करडांची कातडी गुंडाळली. तो घाबरला तेव्हा म्हणाली, शाप लागला तर मला लागो.

मग एसाव जिवावर उठला, म्हणून याकोबाला हारानला आपल्या भावाकडे, लाबानाकडे पाठवताना सांगते की थोडे दिवस राहा, भावाचा राग शमला की बोलावून घेते. तो तिकडे वीस वर्षे राहिला. आईलेकाची पुन्हा भेट झाल्याचे कुठेही लिहिलेले नाही. तिच्या दाईच्या, दबोराच्या, मरणाची नोंद आहे. रिबका कधी गेली त्याची नाही. मखपेलाच्या गुहेत, घराण्याच्या कबरीत, पुरली एवढेच नंतर याकोबाच्या तोंडून कळते.

ज्यांच्या घरात एक "हुशार" आणि एक "तसाच" असे मुलांचे वाटे झाले आहेत त्यांनी हे वाचावे.


पाटावरवंटा

रिबकेवर जरा अन्याय होतोय असे वाटते. थोरला धाकट्याची सेवा करील हे मुले पोटात असताना देवानेच तिला सांगितले होते. तिला जे ठाऊक होते ते इसहाकाने मनावर घेतले नसेल, तर तिने काय करावे? गप्प बसावे? कितीतरी घरांत आजही आईला मुलाचे बरोबर कळलेले असते आणि तिचे कुणी ऐकत नाही.


निरंजन_वाट

ताई, ऐकून घेतले जात नाही हे खरे. पण तिने इसहाकाशी त्या वचनाबद्दल बोलल्याची एकही ओळ नाही. बोलायच्या आधीच कातडी गुंडाळली. देवाचे वचन खरे करायला खोटे बोलावे लागते, हे याकोब आईकडून शिकला आणि पुढे लाबानाकडून ते दामदुपटीने फेडून घेतले गेले. नंतर त्याने स्वतःही तेच केले. योसेफाला रंगीत झगा, बाकीच्या दहांना काही नाही. आणि मग त्याच झग्याला करडाचे रक्त लावून मुलांनी त्याला फसवले.


पाटावरवंटा

करडाचे रक्त. हे कधी जोडून पाहिले नव्हते. पटले.


आजोबा_सोलापूर

सर्वांना सलाम. एक गोष्ट सांगतो, कारण आईबापांवर याचे फार दडपण येते. नीतिसूत्रे २२:६ आपण कराराच्या कागदासारखे वापरतो. मुलाला नीट शिक्षण दिले की ते परावृत्त होणार नाही, आणि झालेच तर तुम्हीच कमी पडलात. मग शमुवेलाचे काय? हन्नासारखी आई, लहानपणी देवाचा आवाज ऐकलेला, म्हातारपणी सगळ्या लोकांसमोर उभा राहून "मी कुणाची लाच घेतली असेल तर सांगा" असे विचारू शकणारा माणूस. त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेब्यात न्यायाधीश होते आणि लाच खात होते (१ शमुवेल ८). हन्नाचे नातू. त्यांच्यामुळेच लोकांनी राजा मागितला.

नीतिसूत्रे शहाणपण शिकवतात, हमीपत्र देत नाहीत. जी मुले मंडळीतून निघून गेली त्यांच्या आयांना उपासनेनंतर फाटकात गाठून कारण विचारणे बंद करा, ही माझी सर्व पंचांना हात जोडून विनंती.


रानजाई

आजोबा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. माझा मुलगा कॉलेजला गेल्यापासून उपासनेला येत नाही. भांडत नाही, येत नाही एवढेच. घरात प्रार्थना चालू असली की आवाज न करता आपल्या खोलीत जातो. मी त्याच्याशी कसे वागावे ते मला कुणी सांगितले नाही, फक्त उपास करा म्हणाले. "झगा शिवत राहायचे" म्हणजे रोजच्या व्यवहारात नेमके काय, दिवेलागणताई?


दिवेलागण

रानजाई, मला वाटते त्याला हवे ते देत राहायचे. हन्नाने शमुवेलाला अंगावर घालायची वस्तू दिली, उपदेश पाठवला नाही. त्याच्या आवडीचे जेवण, त्याच्या मित्रांना आपल्या घरात जागा, त्याची परीक्षा असेल तेव्हा पहाटे त्याच्याआधी उठून चहा. त्याच्यासाठी प्रार्थना करा, पण त्याला ऐकू जाईल अशी करू नका. मूल समोर असताना त्याच्याबद्दल देवाजवळ मोठ्याने गाऱ्हाणे मांडले की ती प्रार्थना राहत नाही, ते टोचून बोलणे होते. आणि कधी त्याने स्वतःहून विचारले, तर तुमचा विश्वास तुम्हाला कुठे उपयोगी पडला ते खरेखरे सांगा, जिथे समजले नाही तेही सांगा.

मरीयेकडेही पाहा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो, आईबाप एक दिवसाची वाट चालून गेल्यावर त्यांच्या लक्षात येते, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो. ती चिडते. "बाळा, तू आमच्याशी असा का वागलास?" तो उत्तर देतो आणि लूक लिहितो की ते त्यांना समजले नाही. प्रभूच्या आईलाही आपला मुलगा समजला नाही, आणि ते लिहून ठेवले आहे! तिने समजून घ्यायची घाई केली नाही. सगळे मनात ठेवले.


वसईकरीण

आणि पुढेही तिला सगळे लगेच कळले असे नाही. मार्क ३ मध्ये ती आणि त्याचे भाऊ बाहेर उभे राहून त्याला बोलावणे पाठवतात. घरच्यांना वाटत होते की त्याचे भान हरपले आहे. आमच्याकडे रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, आम्ही तिची आनंदाची आणि दुःखाची रहस्ये म्हणतो, पण ही मधली, न समजण्याची वर्षे कमी आठवतो. शेवटी ती क्रुसापाशी आहे आणि प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये माडीवरच्या खोलीत बाकीच्यांबरोबर प्रार्थनेत आहे. रानजाईताई, आजच्या माळेत तुमच्या मुलाचे नाव नसले तरी तो असेल.


तरुणसंघ

मी मुलाच्या बाजूने लिहितो. वय २३. जब्दीच्या मुलांच्या, म्हणजे याकोब आणि योहान या शिष्यांच्या, आईबद्दल कुणी बोलले नाही अजून. मत्तय २०. ती येशूच्या पाया पडून मागते की माझा एक मुलगा तुझ्या राज्यात उजवीकडे आणि एक डावीकडे बसावा. दहावी-बारावीच्या वर्षी आमच्या घराघरांत हीच प्रार्थना चालते. क्लासची फी, नव्वद टक्के, मग इंजिनीअरिंग, मग बाहेरचा देश, आणि साक्ष देताना "प्रभूने माझ्या मुलाला आशीर्वादित केले". ज्याला साठ टक्के पडले त्याला मंडळीत बसून काय वाटत असेल?

येशू तिला रागावत नाही. तुम्ही काय मागता ते तुम्हाला कळत नाही, म्हणतो, आणि त्या मुलांना विचारतो की मी पिणार तो दुःखाचा प्याला तुम्हाला पिता येईल का. पुढे २७ व्या अध्यायात ती आई पुन्हा दिसते, क्रुसापासून दूर उभ्या असलेल्या बायकांमध्ये. तेव्हा येशूच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन लुटारू होते. तिने मागितलेल्या त्या दोन जागा कुणाला मिळाल्या ते तिने पाहिले. त्या दुपारी तिला आपले मागणे आठवले असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या थोरल्याला, याकोबाला, पुढे हेरोद राजाने तलवारीने मारले. प्याला खरोखर प्यावा लागला.


कोल्हापुरी_मसीही

भाऊ, उजवे-डावे एवढी वर्षे वाचतोय आणि दिसले नाही. मात्र तिच्या बाजूने हेही म्हणेन की बाकीचे शिष्य पळून गेले तरी ती तिथून हलली नाही. हट्टी आई होती, पण टिकली.


केडगाव_फाटा

इथे महाराष्ट्रातल्या एका आईची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पंडिता रमाबाईंना त्यांची आई लक्ष्मीबाई डोंगरे यांनी लहानपणी संस्कृत शिकवले, तेही तीर्थयात्रेच्या भटकंतीत. मुलीच्या हाती पुराणे यावीत एवढीच त्या आईची इच्छा असणार. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले. त्याच भाषाज्ञानाच्या पायावर रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून पवित्र शास्त्र मराठीत आणले. जे दिले ते वाया गेले नाही, पण ज्या वाटेला लागले ती वाट लक्ष्मीबाईंच्या स्वप्नातही नसेल.

आणि रमाबाईंची लेक मनोरमा. वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा वडील गेले. आईबरोबर इंग्लंडला गेली, तिथे बराच काळ आईपासून दूर ख्रिस्ती भगिनींच्या (संन्यासिनींच्या) देखरेखीखाली राहिली. परत येऊन आईच्या कामात खांद्याला खांदा लावला. १९२१ मध्ये ती गेली आणि वर्षाच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई गेल्या. एकटीने मूल वाढवणाऱ्या आयांना मंडळीत "बिचारी" म्हणणाऱ्यांनी या मायलेकींना आठवावे.


मेलबर्नवासी

एकट्या आयांवरून हागार, अब्राहामाच्या मुलाची आई असलेली दासी. अब्राहामाच्या घरातून भाकर आणि पाण्याची मसक देऊन बाहेर काढलेली. बैर-शेब्याच्या रानात पाणी संपते, ती मुलाला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते, कारण त्याचे मरण पाहवणार नाही. देव काय सांगतो? ऊठ, मुलाला उचल आणि आपल्या हाताने सावर. मग तिला विहीर दिसते. मी इथे घटस्फोटानंतर मुलीला एकटी वाढवते आहे. अगदी थकून गेले की मलाही थोडे दूर जाऊन बसावेसे वाटते. तिला त्याबद्दल एका शब्दानेही दोष दिलेला नाही, हे मला फार मोठे वाटते.

दुसरे म्हणजे माझी मुलगी मराठी बोलते पण वाचत नाही. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याची आजी लोईस आणि आई युनीके. लुस्त्रातले घर, बाप ग्रीक, आणि तरी बाळपणापासून शास्त्र ठाऊक. परक्या भाषेच्या गावात आजी-आईने ते तोंडीच घातले असेल असे वाटते. रविवारी माझी आई व्हिडिओ कॉलवर नातीला एक स्तोत्र म्हणून दाखवते, तेवढे चालू आहे.


केडगाव_फाटा

ताई, एका घरात दोन श्रद्धा हे आपल्याकडेही नवे नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचा १९०० मध्ये. मधल्या वर्षांत त्यांच्या मुलाला, दत्तूला, दोन्हीकडची ओढ होती. आजीचे स्तोत्र बंद करू नका.


अनामिका_सातारा

वाचत होते, लिहू की नको असे झाले. आम्हाला मूल नाही. मातृदिनाला हन्नाचा पाठ निघाला की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात आणि मग कुणीतरी "विश्वास ठेव, तुलाही देईल" म्हणते. त्या दिवशी आयांना फुले वाटतात. मी आता त्या रविवारी जात नाही.


दिवेलागण

अनामिका, बरे केलेत लिहिलेत. हन्नाची कहाणी तुमच्यावर मोजपट्टीसारखी धरायला कुणालाही अधिकार नाही. रोमकरांस पत्राच्या शेवटी सलाम सांगताना पौल रूफाच्या आईला "त्याची आई आणि माझीही" म्हणतो (१६:१३). पौलाला तिने जन्म दिला नव्हता. काय केले होते ते तो सांगत नाही. जेवू घातले असेल, आजारात पाहिले असेल, कपडे धुतले असतील. आमच्या संडे स्कूलमधल्या निम्म्याहून अधिक मुलांची नावे, कुणाला काय आवडते, कुणाच्या घरी काय चालले आहे, हे ज्या बाईंना ठाऊक आहे त्यांना स्वतःचे मूल नाही. फुलांबद्दल मी आमच्या पाळकसाहेबांशी बोलणार आहे. द्यायची तर सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको.


रानजाई

+१. आमच्या महिला मंडळात मीही मांडते.


आजोबा_सोलापूर

अनामिका बेटी, त्या रविवारी नाही तर पुढच्या रविवारी ये. कोणी काही बोलले तर माझ्यासारखे म्हातारे असतात प्रत्येक मंडळीत, त्यांच्या शेजारी बस.


तरुणसंघ

एक विनंती. रिस्पा राहिली. २ शमुवेल २१. फाशी दिलेल्या आपल्या दोन मुलांच्या आणि इतर पाच जणांच्या प्रेतांपाशी खडकावर गोणपाट अंथरून, हंगामाच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत, दिवसा पाखरे आणि रात्री जनावरे हाकलत बसलेली आई. तिच्यामुळे दावीद राजाला त्या सगळ्यांच्या अस्थी गोळा करून पुराव्या लागल्या. तुरुंगातल्या आणि दंगलीत गेलेल्या मुलांच्या आयांबद्दल बोलायचे तर तिच्यापासून सुरुवात करावी लागेल. इथे मावणार नाही. वेगळा धागा काढू का?


दिवेलागण

काढ. मी लिहीन.